वाचक विचारतात: सब्नेटचा (मोठ्या नेटवर्कच्या तुकड्याचा) बांध नेमका कुठे पडतो?

प्रश्न: ताई नमस्कार. मी सातपूरला एका कंपनीत हार्डवेअर सपोर्टला आहे, गाव निफाडकडचं, घरी द्राक्षाची बाग. सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करतोय, संध्याकाळी क्लास लावलाय. केबलिंग, स्विच, व्हीलॅन सगळं जमतं पण आयपी ॲड्रेस आला की डोकं बंद. सराव परीक्षेत प्रश्न होता, १९२.१६८.१०.७७/२६ हा पीसी कुठल्या नेटवर्कमधला? मी १९२.१६८.१०.० वर टिक केलं, कारण १९२ म्हणजे क्लास सी आणि त्यात पहिले तीन आकडे नेटवर्कचे असं वहीत लिहिलंय. चुकलं. बरोबर उत्तर म्हणे १९२.१६८.१०.६४. हे ६४ आलं कुठून? आणि पत्ते ६४ असतील तर वापरायचे ६२ च का? क्लासमध्ये विचारलं तर तक्ता पाठ कर म्हणाले. केला, दोन दिवसांत विसरलो.
एक वाचक, सातपूर

उत्तर: तक्ता विसरलास ते बरंच झालं. तो पाठ असलेली मुलं /२६ ला फटकन उत्तर देतात आणि /२० समोर आला की पेन चावत बसतात.

आधी ते क्लास ए, बी, सी बाजूला ठेव. १९९३ मध्ये सीआयडीआर (क्लास न धरता पत्ते वाटायची पद्धत) आलं तेव्हापासून नेटवर्क कुठे संपतं हे पत्त्याचा पहिला आकडा ठरवत नाही, मास्क ठरवतो, म्हणजे पत्त्यासोबत येणारा २५५.२५५.२५५.१९२ असा आकडा, /२६ हे त्याचंच थोडक्यात रूप. नावं परीक्षेपुरती माहीत असू देत, गणित त्यावर नको. तुझी चूक खरं तर टिंबांमुळे झालीये, आपल्याला वाटतं टिंब आलं म्हणजे हद्द आली. टिंबं आपल्याला वाचता यावं म्हणून आहेत रे, मशीनला सलग ३२ बिट (प्रत्येक ० किंवा १) दिसतात, आणि /२६ म्हणजे त्यातले डावीकडचे २६ नेटवर्कचे, उरलेले ६ तुझ्या पीसी-प्रिंटरचे. ६ बिटांत ६४ पत्ते बसतात, एकपासून सुरू करून दोनने गुणत जा, सहाव्यांदा ६४ येतात.

आता निफाडचा आहेस तर शेतातच जाऊ. १९२.१६८.१०.० ते २५५ हा एक गट धर, २५६ गुंठ्यांचा. चार भावांत वाटणी झाली, प्रत्येकाला ६४. थोरल्याचं ० ते ६३, दुसऱ्याचं ६४ ते १२७, तिसऱ्याचं १२८ ते १९१, धाकट्याचं १९२ ते २५५. तू ७७ वर उभा आहेस म्हणजे दुसऱ्याच्या वावरात, आणि ते वावर ६४ पासून सुरू होतं. झालं, एवढंच होतं ते ६४. आणि वाटणी झाली की बांधात जमीन जातेच ना, तसे इथे प्रत्येक तुकड्यातले दोन पत्ते जातात. पहिला, म्हणजे ६४, हे त्या नेटवर्कचं नाव, ते पीसीला देता येत नाही. शेवटचा १२७ हा ब्रॉडकास्ट, वावरातल्या सगळ्यांना एकदम हाक मारायचा. उरले ६५ ते १२६, मोजून बघ, ६२. गट एकत्र होता तेव्हा २५४ वापरता येत होते, वाटणीनंतर ६२ चोक २४८, सहा पत्ते बांधात गेले.

फरक एकच. शेतात भाऊ समजुतीने बांध थोडा इकडे-तिकडे सरकवतात (आणि मग वर्षानुवर्षं कोर्टात जातात), इथे ती सोय नाही. ७७ पासून ६४ मोजून नवीन बांध घालता येत नाही. का ते बिटात मांडून बघ. ७७ म्हणजे ६४ + ८ + ४ + १, लिहायचं ०१००११०१. /२६ च्या मास्कमध्ये आधी २६ एक, मग ६ शून्यं, म्हणून त्याचा शेवटचा आकडा १९२, तो ११००००००. मास्कमध्ये जिथे १ आहे तिथला बिट तसाच ठेव, ० आहे तिथला पुसून टाक. उरलं ०१००००००, ६४. राउटरही हेच करतो.

परीक्षेत १२० मिनिटं असतात, कॅल्क्युलेटर नाही, आणि एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही, त्यामुळे दर वेळी बिट लिहीत बसशील तर वेळ पुरणार नाही. मास्कमध्ये जो आकडा २५५ पण नाही आणि ० पण नाही तो २५६ मधून वजा कर. २५६ वजा १९२, ६४. तेवढ्या-तेवढ्या अंतरावर बांध.

आता ही खरी मेख. १७२.१६.३७.५/२०. मास्क २५५.२५५.२४०.०, वजाबाकी १६, पण हा आकडा तिसऱ्या घरात आहे म्हणून बांध पण तिसऱ्या घरात मोजायचे: ०, १६, ३२, ४८. ३७ पडतं ३२ ते ४७ मध्ये. म्हणजे नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५, मधले ४०९४ पत्ते वापरायचे. मग १७२.१६.४०.० हा पत्ता पीसीला देता येईल का? येईल! शेवटी ० आहे म्हणून बहुतेक जण नाही म्हणतात, पण तो वावराच्या अगदी मध्यात आहे, बांधावर नाही. १७२.१६.३५.२५५ चंही तसंच.

हे मला परीक्षेने नाही, अंबडच्या एका कारखान्याने शिकवलं. शॉपफ्लोअरवरचा एकच पीसी प्रिंट देईना, बाकी सगळे देत होते. पीसी १९२.१६८.५.२०, प्रिंटर १९२.१६८.५.२००, वरवर बघितलं तर शेजारी-शेजारी. दोनदा केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, ड्रायव्हर परत टाकला, चहा झाला, सुपरवायझर दर दहा मिनिटांनी येऊन बघून जायचा. शेवटी मास्क बघितला तर २५५.२५५.२५५.१२८. म्हणजे त्या पीसीच्या हिशेबाने त्याचं वावर १२७ ला संपत होतं, २०० वाला प्रिंटर बांधापलीकडे, आणि पलीकडे जायचं तर गेटवे (बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता) लागतो, तो मुद्दाम रिकामा ठेवलेला कारण त्या मशीनला इंटरनेट द्यायचं नव्हतं. १२८ चा ० केला, प्रिंट बाहेर. तीन तास गेले होते.

घरी एक सोडव, १०.२०.९९.२००/२१. नेटवर्क १०.२०.९६.० आणि ब्रॉडकास्ट १०.२०.१०३.२५५ यायला हवं, नाही आलं तर बांध कितीवर पडतो तिथून परत मांड.

प्रश्न: माझ्या घरचा राउटर १९२.१६८.१.१ आणि मैत्रिणीच्या घरचा पण तोच. मग पत्त्यांची गल्लत कशी होत नाही?
एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर: सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट १०१ असतो आणि इंदिरानगरमध्ये पण असतो, पोस्टमनचा गोंधळ होतो का? हे खासगी पत्ते, फक्त आतल्या आत चालतात, बाहेर जाताना राउटर त्याजागी स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो, यालाच नॅट म्हणतात. खासगीचे तीन पट्टे १९९६ पासून ठरलेले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. परीक्षेत १७२.३२ देऊन फसवतात, तो खासगी नाही. आणि पीसीवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो या तिघांतला समजू नकोस, डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने आपला आपण लावून घेतलाय, आधी केबल नीट बसलीये का बघ.