राजकीय सोहळ्यांच्या बातम्यांत थाटमाटच का दिसतो, मुद्दा कुठे जातो?

शपथविधी, उद्घाटन, विजयी मिरवणूक असं काहीही तासन्‌तास लाईव्ह बघितलं तरी हाती काही लागत नाही, मग दोष सोहळ्याचा की माध्यमांचा, असं तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं एका वृत्तवाहिनीच्या डेस्कवर काम केलंय. सोहळ्याला मी दोष देणार नाही. दोष आमचा आहे, आणि आमच्या हातून तो बहुतेक वेळा वाट बघण्याच्या वेळात घडतो.

मूळ विधी दहा-पंधरा मिनिटांचा. लाईव्ह मात्र तीन तास आधी सुरू होतं. थेट प्रक्षेपणाची गाडी (ओबी व्हॅन) लागलेली, रिपोर्टर माईक घेऊन उभा, आणि पाहुणे कधीही येतील म्हणून रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या ठरलेल्या क्रमात, दुसरी बातमी घ्यायची सोय नाही. मग समोर जे दिसतं त्यावरच बोलत राहायचं: व्यासपीठ केवढं, कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोणी कोणाकडे बघायचं टाळलं. अशाच एका दिवशी नव्या सरकारच्या पहिल्या निर्णयांची चार पानं माझ्या टेबलावर आली. मी त्यातल्या तीन ओळी टिकरला, म्हणजे पडद्याखालच्या सरकत्या पट्टीला, दिल्या. पडद्यावर तेव्हा पोशाखाच्या रंगाची चर्चा चालू होती. तिसऱ्या पानावर एका योजनेचे निकष बदलल्याचं लिहिलं होतं. ते बुलेटिनला गेलंच नाही. आठवड्याभराने लोकांच्या तक्रारी आल्या तेव्हा त्याची बातमी झाली. पान माझ्या हातात होतं, हे मला आजही बोचतं.

प्रेक्षकांना सहसा माहीत नसलेली आणखी एक गोष्ट सांगतो. मोठ्या सोहळ्यांत प्रत्येक वाहिनीचा कॅमेरा आत नसतो. सगळ्यांना एकच फीड, म्हणजे एकाच ठिकाणाहून येणारं थेट चित्रण, मिळते, आणि पुष्कळदा ती आयोजकांनीच पुरवलेली असते. भरलेल्या रांगा दाखवायच्या की मागच्या रिकाम्या खुर्च्या, हे तेच ठरवतात.

हा प्रकार आजचा नाही. एप्रिल १९५१मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कोरियन युद्धातले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना पदावरून दूर केलं आणि त्याच महिन्यात शिकागोत मॅकआर्थर यांची जंगी मिरवणूक निघाली. कर्ट आणि ग्लॅडिस लँग या समाजशास्त्रज्ञांनी त्या दिवशी ३१ निरीक्षक शहरभर उभे केले आणि त्यांनी टिपलेलं टीव्हीवर दिसलेल्याशी ताडून पाहिलं. टीव्हीवर उसळता जनसागर होता. रस्त्यावरची माणसं बराच वेळ ताटकळली, जनरल क्षणभर दिसले आणि गाडी पुढे गेली. कॅमेरा वळला की मात्र लोक हात हलवायचे, ओरडायचे. म्हणजे घरबसल्या लोकांनी जी मिरवणूक बघितली, ती रस्त्यावरच्या कोणीच बघितली नव्हती.

पण म्हणून सोहळा पोकळ असतो असं मला अजिबात वाटत नाही. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची शपथ संविधानात शब्दशः दिलेली आहे, इंग्रजीत ३५ शब्द. २० जानेवारी २००९ला ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडून एक शब्द मागेपुढे झाला. शंका राहायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधल्या एका खोलीत मोजक्या लोकांसमोर पुन्हा शपथ झाली. तिथे ना जनसमुदाय होता, ना टीव्हीचे कॅमेरे. आदल्या दिवशीच्या लाखोंच्या गर्दीचा त्या शपथेच्या वैधतेशी काही संबंध नव्हता, शब्दांचा होता. सोहळ्यातला मुद्दा म्हणतात तो हाच: सत्तेवर आलेला माणूस सगळ्यांसमोर कशाने बांधला जातो. आम्ही तो सोडून गर्दी मोजत बसतो.

आणि २०१७ला ती अक्षरशः मोजली गेली. ट्रम्प यांच्या शपथविधीची छायाचित्रं २००९च्या छायाचित्रांशेजारी ठेवली गेली, दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रवक्ते उपस्थिती विक्रमी असल्याचं सांगायला पत्रकारांपुढे आले आणि वाद कित्येक दिवस चालला. त्याच २० जानेवारीला, शपथेनंतर साधारण तासाभरात, नव्या सरकारने एक पत्र काढलं होतं. सरकारी हमीच्या गृहकर्जांवर जो विमा भरावा लागतो त्याचा वार्षिक दर पाव टक्क्याने कमी होणार होता. तो निर्णय आधीच्या सरकारने जाता जाता घेतला होता, पत्राने तो थांबवला. दोन लाख डॉलरच्या कर्जावर वर्षाला सुमारे पाचशे डॉलरचा फरक. बातमी आली, नाही असं नाही, पण गर्दीच्या भांडणाखाली दबून गेली. ज्यांच्या खिशाला तो चटका बसणार होता, त्यातले कितीतरी जण तेव्हा टीव्हीवर मैदानाचे फोटोच बघत असतील.

मी स्वतः आता सोहळा बघतो तो फक्त शपथ किंवा भाषण चालू असेल तेवढाच, आणि भाषणाची पूर्ण प्रत मिळाली तर तीच वाचतो. संध्याकाळी त्या दिवशीचे आदेश, खातेवाटप, कोणाची बदली झाली, कोणता जुना निर्णय थांबवला, हे शोधतो. बहुतेक वेळा ते सरकारी संकेतस्थळावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी असतं. चार पानंच असतात, वाचायला वीस मिनिटं लागतात.