जुना केग घेताना आधी मालकी तपासा

अमेरिकेत घरी बिअर बनवण्यासाठी जुन्या केगचे, म्हणजे बिअर साठवण्याच्या धातूच्या पिंपाचे, पातेले करायचे असेल, तर दुकानात अनामत भरून आणलेला केग कापू नका. अनामत ही किंमत नसते, केग ब्रुअरीच्याच, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्याच, मालकीचा राहतो आणि तो परत न करणे म्हणजे सरळ दुसऱ्याची वस्तू बळकावणे होय. माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे जवळच्या लहान ब्रुअरीला, पोचे पडल्यामुळे किंवा झडप बिघडल्यामुळे वापरातून काढलेले तिचे स्वतःचे केग विकायचे आहेत का, हे विचारणे आणि खरेदीची पावती घेणे. भंगारवाल्याकडून घेणार असाल, तर केगवर कोरलेले नाव वाचा आणि तो त्याच्याकडे कसा आला याचा कागद मागा. कागद नसेल, तर स्वस्त असला तरी सोडून द्या.

साडेपंधरा गॅलनचा, म्हणजे सुमारे 59 लिटरचा, स्टेनलेस स्टीलचा केग निवडा, कारण त्यात दहा गॅलनची खेप उतू न जाता उकळता येते. रबराचे आवरण असलेला केग आचेवर ठेवता येत नाही. कापण्यापूर्वी झडप दाबून आतला दाब पूर्णपणे सोडा, मगच तिला धरून ठेवणारी कडी काढा; दाबाखालची झडप उसळून जीवघेणी इजा होऊ शकते.