लिहिण्याची परवानगी तपासताना सुरुवातीला एवढे सांभाळा

लिनक्ससारख्या प्रणालीवर शेल स्क्रिप्टमधून (कमांडांची यादी असलेल्या फाइलमधून) दुसऱ्या फाइलमध्ये काही लिहिण्याआधी परवानगी तपासण्याची सवय तुम्हाला असेल, तर ती चांगली आहे. ती मोडू नका. मात्र फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस' (ls) कमांडच्या आउटपुटमधली परवानगीची अक्षरे वाचत बसण्याऐवजी 'टेस्ट' (test) कमांडचा 'उणे डब्ल्यू' (-w) हा पर्याय वापरा, कारण स्क्रिप्ट ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालली आहे त्याला लिहिता येईल का, याचे उत्तर तो थेट देतो.

पहिली चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते: फाइलचे नाव ठेवलेले व्हेरिएबल दुहेरी अवतरणचिन्हांत न ठेवणे. व्हेरिएबल रिकामे निघाले, तर चौकटी कंसात (म्हणजे 'टेस्ट'च्याच दुसऱ्या रूपात) फक्त 'उणे डब्ल्यू' उरते, शेल त्याला एक साधा शब्द समजते आणि शब्द रिकामा नसल्यामुळे उत्तर 'खरे' येते. फाइलचे नावच नसताना परवानगी मिळाल्याचे दिसते! हे एकदा स्वतः करून पाहा.

फाइल अजून अस्तित्वातच नसेल, तर डिरेक्टरी तपासा. नवी फाइल तयार करणे किंवा जुनी काढून टाकणे हे डिरेक्टरीच्या परवानगीवर ठरते आणि तिथे 'डब्ल्यू'सोबत (लिहिण्याच्या परवानगीसोबत) 'एक्स'ही (आत प्रवेशाची परवानगीही) लागतो. लिहिण्याची परवानगी नसलेली फाइल पुसली कशी गेली, हा नवख्यांना पडणारा प्रश्न यातूनच सुटतो.

'रूट' (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चाचणी घेऊ नका; त्याला बहुधा होकारच मिळतो. अडले की 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) देऊन मोकळे होणे तर कटाक्षाने टाळा. तपासणीनंतरही डिस्क भरलेली निघू शकते, म्हणून प्रत्यक्ष लिहिणाऱ्या कमांडचा एक्झिट स्टेटस (ती यशस्वी झाली की नाही हे सांगणारा आकडा) पाहाच. एसीएल आणि स्टिकी बिट हे परवानग्यांचे पुढचे प्रकार सध्या बाजूला राहू द्या.