हाफ लॅप कापताना तुकडा उडतो, काय करू?

प्रश्न: घरीच कपाटाच्या शटरची सागवानी फ्रेम करतोय, कोपऱ्यांना हाफ लॅप (दोन्ही पट्ट्यांची टोकं निम्म्या जाडीची करून एकावर एक बसवायचा सांधा) द्यायचेत. परवा टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडच्या करवतीवर) पट्टीचं टोक फेन्सला (ब्लेडला समांतर आधारपट्टीला) टेकवून मायटर गेजने (खाचेतून सरकणाऱ्या कोनाच्या आधाराने) ढकलत लांबी कापली तर सुटा तुकडा सणकन मागे येऊन भिंतीवर आपटला. मिस्त्री म्हणतात सांध्याची खाच मारायला ब्लेडवरचं गार्ड काढावंच लागतं. हातमोजे घालून करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: हातमोजे अजिबात नको. मोजा दातात अडकला की हातच आत ओढला जातो, कडं आणि सैल बाह्यांचंही तेच. डोळ्यांना गॉगल मात्र पाहिजेच.

तुकडा उडाला कारण कापून सुटल्यावर तो फेन्स आणि ब्लेडच्या मधे सापडला, त्याला धरायला कोणी नाही, जरा तिरका झाला की ब्लेडचे मागचे दात खालून वर येताना त्याला उचलतात आणि तुमच्याच दिशेने फेकतात. १० इंची ब्लेड मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दातांचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या वर जातो, भिंतीवर निभावलं हे नशीबच म्हणायचं. लांबी कापताना फेन्सवर ब्लेडच्या बरंच अलीकडे, तुमच्या बाजूला, एक ठोकळा क्लॅम्प करा, माप त्याला टेकवून घ्या, म्हणजे ब्लेडपर्यंत पोचेस्तोवर पट्टी ठोकळ्यापासून सुटलेली असते आणि तुकड्याला मोकळी जागा मिळते. उभं राहताना ब्लेडच्या रेषेत नाही, थोडं बाजूला.

खाच मारताना मात्र गेज आणि फेन्स एकत्र चालतात, कारण ब्लेड आरपार जात नाही, सुटा तुकडाच पडत नाही, पडतो तो भुसा. मिस्त्रींचं अर्धं बरोबर आहे, वरचं गार्ड काढावं लागतं, पण ब्लेडमागची रायव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारी उभी पाती) ब्लेडपेक्षा बुटकी असेल तर ती राहू द्या. खाचेत ब्लेड लाकडाखाली लपलेलं असतं आणि पट्टीच्या मागच्या कडेतून, म्हणजे गेजच्या बाजूने, अचानक बाहेर येतं, नेमका तिथेच लोकांचा अंगठा असतो! गेजला एक जाड लाकडी पट्टी स्क्रूने मारा आणि हात ब्लेडच्या रेषेपासून वीतभर लांब ठेवा.

खोलीसाठी टेप घेऊन बसू नका. त्याच जाडीच्या भंगार तुकड्याच्या टोकाला एका बाजूने कट मारा, उलटा करून दुसऱ्या बाजूने मारा, मधे कागदाएवढा पापुद्रा उरला तर ब्लेड केसभर वर घ्या, पापुद्रा जेमतेम गेला की बरोबर निम्मी खोली. मग आधी खांद्याचा कट (खाच जिथे संपते तिथला), नंतर पट्टी थोडी थोडी सरकवत बाकीचं, मधे उरलेले कंगोरे पटाशीने साफ करा, फेविकॉल लावा आणि क्लॅम्प करायच्या आधी कोपऱ्याला गुण्या लावून काटकोन बघा. वेळ वाचवायला पट्टी उभी धरून नुसत्या हाताने कापायचा मोह होईल, ते टेननिंग जिग (पट्टी उभी घट्ट धरणारा साचा) असल्याशिवाय करू नका.