गिफ्ट म्हणजे भेट, विष की लग्न?

प्रश्न : भाचा जर्मनीत शिकायला गेलाय. तो सांगतो की तिकडे 'गिफ्ट' म्हणजे विष, आणि त्याचा स्वीडिश रूममेट म्हणतो आमच्याकडे गिफ्ट म्हणजे लग्न झालेला! खरंय का हे, की पोरं आमची फिरकी घेतायत?

उत्तर : नाही हो, दोघंही खरं बोलतायत. मूळ शब्द एकच, जुन्या जर्मानिक भाषांमधला, 'देणे' या क्रियापदावरून आलेला, म्हणजे इंग्लिश गिव्ह आणि जर्मन गेबेनच्याच घरातला. आता काय दिलं यावर सगळा खेळ.

लग्नाचं तर आपल्याला पटकन कळायला हवं, कारण आपणही 'मुलगी नाशकात दिली' असंच म्हणतो ना. जुन्या इंग्लिशमध्येसुद्धा हा शब्द वधूसाठी दिलेल्या मोलाला वापरायचे आणि त्याच्या अनेकवचनाचा अर्थ सरळ लग्न असा होता. साधी भेट हा आजचा अर्थ तिथे नंतर रुळला, त्यात व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेचा हात आहे. जर्मनमध्ये हुंड्याला आजही 'मिटगिफ्ट' म्हणतात, सोबत दिलेलं ते (विषाचा काही संबंध नाही, निदान व्याकरणात तरी नाही!).

विषाची गोष्ट जास्त मजेशीर आहे. ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणं, वैद्य लोक औषधाच्या मात्रेला तेच म्हणायचे, आपला डोस तो हाच, आणि त्याचं मूळ संस्कृत 'दा' धातूशी, म्हणजे दान-दाताशी जुळतं. जर्मन लोकांनी या दोसिसचं शब्दशः भाषांतर केलं 'गिफ्ट', आणि मग विषाचं नाव तोंडाने कशाला घ्या म्हणून त्यालाही तेच म्हणायला लागले, आपण नाही का उंदराचं 'औषध' म्हणत, तसंच. आधीचा विषाचा शब्द होता तो 'आयटर', त्याचा अर्थ आज जर्मनमध्ये पू! फ्रेंचांचं 'पॉइझन'पण असंच, मुळात लॅटिनमधलं साधं पेय.

स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये विष आणि विवाहित दोन्ही गिफ्टच, त्यावरचे जोक तिकडे कधीच शिळे झालेत. आइसलँडवाल्यांनी मात्र विषासाठी जुना शब्द 'एयटुर' टिकवलाय. डच लोकांनी वेगळीच वाट काढली, विषाला 'गिफ' आणि देणगीला 'गिफ्ट'.

भाच्याला सांगा, जर्मन मित्राला वाढदिवसाला काही द्यायचं तर 'गेशेंक' म्हण. स्वीडनमध्ये 'प्रेसेंट' चालेल.