चिठ्ठीत क्रीमचं नाव होतं, किती दिवस लावायचं ते नव्हतं

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच महिन्यांची असताना तिला डायपरच्या जागी लाल चट्टे उठले. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एका क्रीमचं नाव आणि ‘दिवसातून दोनदा’ एवढंच लिहून दिलं. चट्टे जायचे, क्रीम थांबवलं की परत यायचे. आधी तीच चिठ्ठी आणि नंतर नुसती रिकामी ट्यूब दाखवून आम्ही तीन महिने ते क्रीम आणत राहिलो. मुलीचा चेहरा गोल झाला, वजन भराभर वाढलं. सगळे म्हणायचे, छान बाळसं धरलंय. उंची मात्र वाढत नव्हती. आता मोठ्या रुग्णालयात कळलं, की क्रीममधलं क्लोबेटासॉल हे जबर ताकदीचं स्टिरॉइड अंगात शोषलं गेलं आणि तिच्या शरीरात कॉर्टिसॉल हे गरजेचं हार्मोन तयार होणं जवळजवळ बंद पडलं. पहिले डॉक्टर म्हणतात, ‘मी तोंडी सात दिवस सांगितलं होतं, तुम्हीच लावत बसलात.’ घरीही सगळे मलाच बोलतात. खरंच चूक माझी आहे का? तक्रार करता येईल का?

उत्तर : ताई, कायद्याआधी मुलीबद्दल लिहिते. आताच्या डॉक्टरांनी औषध कमी करत नेण्याचं जे वेळापत्रक दिलं असेल, त्यात रागाच्या किंवा भीतीच्या भरात स्वतःहून बदल करू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बंद असताना बाहेरचं स्टिरॉइड एकदम तोडणं धोक्याचं असतं. ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीराला एरवीपेक्षा जास्त कॉर्टिसॉल लागतं. तेव्हा नेमकं काय द्यायचं, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद कायम मुलीसोबत ठेवा. कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथी पुन्हा काम करू लागायला काही आठवडे ते काही महिने लागतात. बहुतेक मुलांमध्ये त्या पूर्ववत होतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सात दिवस सांगितले होते की नाही, या वादात तुम्ही अडकला आहात. समोरच्या डॉक्टरांना तो वाद सोयीचा आहे, कारण तोंडी बोलण्याला पुरावा नसतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे : साडेपाच महिन्यांच्या बाळाच्या डायपरखालच्या त्वचेवर मुळात हे क्रीम का दिलं? बाळाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा बरंच जास्त असतं. त्यात वरून डायपर बांधला, की औषधावर घट्ट पट्टी बांधल्यासारखं होतं आणि शोषण वाढतं. त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडमध्ये क्लोबेटासॉल सर्वांत तीव्र गटात मोडतं. अमेरिकेतलं माहितीपत्रक सांगतं, की मोठ्या माणसांनीही ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये आणि बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्याची शिफारस नाही. ब्रिटनमधल्या माहितीपत्रकात तर एक वर्षाखालच्या बाळांच्या त्वचाविकारांत, डायपरच्या चट्ट्यांसह, ते वर्ज्यच सांगितलं आहे. म्हणून ‘सात दिवस सांगितलं होतं’ हे खरं धरलं, तरी डॉक्टरांची सुटका होत नाही.

याचा अर्थ स्टिरॉइड दिलं की लगेच निष्काळजीपणा ठरतो, असा नाही. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस देणं हा मान्य उपचार आहे. वाईट परिणाम झाला एवढ्यावरूनही डॉक्टर दोषी ठरत नाहीत. साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत असं केलं असतं का, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 साली पक्की केली. तुमच्या बाजूला औषधाची ताकद, बाळाचं वय, जागा आणि मुदतीविना लिहिलेली चिठ्ठी या चार गोष्टी आहेत. शेवटची तर डॉक्टरांच्याच अक्षरात आहे. पुन्हा कधी दाखवायला यायचं, काय दिसलं तर थांबवायचं, यातलंही काही तिच्यात नसेल, तर ते तक्रारीत आवर्जून लिहा.

चूक तुमची का? समोरचा वकील तसं म्हणेलच, म्हणून आधीच सांगते. आईबापांकडून काही चुकलं असलं, तरी ते बाळाच्या दाव्यातून वजा करता येत नाही, हे नुकसानभरपाईच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. तक्रार ग्राहक आयोगात, मुलीच्या वतीने होईल. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या वतीने तक्रार करण्याचा आईबापांचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. शिवाय स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये मूल आणि आईबाप दोघांनाही ग्राहक मानलं आणि आईबापांना मानसिक यातनांसाठी मिळालेली वेगळी भरपाई कायम ठेवली. तुमच्या स्वतःच्या या मागणीतली रक्कम कदाचित कमी होईल, तेवढी तयारी ठेवा. पण ज्या आईला औषधात काय आहे हे कुणी सांगितलंच नाही, तिने चट्टे परत आले म्हणून तेच औषध पुन्हा लावलं, याला मी चूक म्हणणार नाही. तुमच्या घरच्यांनाही हे वाचून दाखवा.

औषध दुकानदारालाही सोडू नका. ट्यूबवर ‘आरएक्स’ (Rx) ही खूण आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावे अशी सूचना आहे का ते बघा. असेल, तर हे ‘शेड्यूल एच’मधलं औषध आहे, हे ती ट्यूबच सांगते. अशी औषधं एका चिठ्ठीवर एकदाच द्यायची असतात. पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं असेल, तरच ती दुसऱ्यांदा देता येतात. औषध नियमांतला 65वा नियम तसं सांगतो. रिकामी ट्यूब बघून विकणं तर त्याच्या फारच पलीकडचं. अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्या आणि ग्राहक आयोगातल्या तक्रारीत दुकानदाराला दुसरा विरुद्ध पक्ष करा. उत्पादक कंपनीच्या मागे लागण्याचा सल्ला मी सध्या देणार नाही. तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायच्या औषधाबद्दल कंपनीने तज्ज्ञाला वाजवी इशारा दिला असेल, तर इशारा दिला नाही या कारणावरून तिच्यावर जबाबदारी येत नाही.

आजच्या आज करायचं काम म्हणजे पुरावा जपणं. रिकाम्या ट्यूब, खोकी, त्यातली माहितीपत्रकं यातलं काहीही टाकू नका. बिलं नसतील, तर मोबाईलवरून पैसे दिल्याच्या नोंदी काढा, तारखा त्यावर मिळतात. मुलीचे महिन्या-महिन्याचे फोटो मूळ फाइलसकट जपा, चेहरा कधी गोल होत गेला ते त्यात दिसेल. लसीकरणाच्या कार्डावरच्या वजन-उंचीच्या नोंदी तर माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा ठरतील : वजन वर चढतंय आणि उंची जागच्या जागी आहे, हे पाहायला डॉक्टर असावं लागत नाही. पहिल्या दवाखान्याकडे नोंदींची प्रत लेखी अर्जाने मागा आणि पोच घ्या. 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्यायला हव्यात. आताच्या डॉक्टरांना विनंती करा, की निदानापुढे त्याचं कारणही लिहा. ‘त्वचेवर लावलेल्या स्टिरॉइडमुळे’ एवढे शब्द त्या कागदावर आले, तर अर्धं काम झालं. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा अभिप्राय लागतोच असं नाही, हे व्ही. किशन राव खटल्यात 2010 साली ठरलं आहे. तरी इथे एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाचा घ्याच.

आणखी एक. पहिल्या डॉक्टरांशी व्हॉट्सॲपवर वाद घालू नका. ‘हो, आम्ही जास्त दिवस लावलं’ असं एक वाक्य तुमच्या हातून गेलं, तर ते आयोगापुढे येईल.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. डॉक्टरांच्या जिल्ह्यात खेपा घालाव्या लागू नयेत म्हणूनच कायद्याने ही सोय केली आहे. डॉक्टरांची फी आणि औषधाची किंमत मिळून पाच लाखांच्या आत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. लपून राहिलेल्या हानीत ती हानी लक्षात आल्यापासून मुदत मोजता येते. पण व्ही. एन. श्रीखंडे खटल्यात, त्रास होत असूनही नऊ वर्षं चौकशी न करणाऱ्या रुग्णाची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने मुदतबाह्य ठरवली. तेव्हा पहिल्या चिठ्ठीच्या तारखेपासूनच दोन वर्षं धरून चाला. राज्याच्या वैद्यक परिषदेकडे वेगळी तक्रार करता येईल. तिथे पैसे मिळत नाहीत, पण डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते. पोलिसांत जाऊ नका असंच मी सांगेन. फौजदारी गुन्ह्याला ढोबळ निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो आणि त्यात तुमची ताकद वाया जाईल. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद मात्र राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर जरूर करा. ती पालकही करू शकतात.

डॉक्टरांना भरपाईची नोटीस गेल्यावर बहुधा तडजोडीचा निरोप येईल. बोलणी करायला हरकत नाही. पण मुलीच्या ग्रंथी आपल्या आपण काम करू लागल्या आणि उंची वाढू लागली, असं हार्मोनतज्ज्ञ लिहून देत नाहीत, तोवर ‘यापुढे काही मागणी नाही’ अशा कागदावर तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी सही करू नका. तोवर मुदत संपत आली, तर तक्रार आधी दाखल करा आणि पुढच्या उपचारांचा खर्च त्यात वेगळा मागा.