सैन्याची फ्रिक्वेन्सी सापडली तर ग्रुपवर टाकावी का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: धुळ्यात घरी कॉम्प्युटरला रेडिओ ऐकायचा डोंगल लावून फ्रिक्वेन्सी चाळताना सैन्याचं वाटणारं बोलणं सापडलं. ते खरंच गुप्त असतं तर सापडलंच नसतं, मग ती फ्रिक्वेन्सी हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, ग्रुपवर टाकली तर बिघडलं काय?

मी जळगावचा लायसन्सवाला हॅम आहे. टाकू नका.

फ्रिक्वेन्सी लपत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. रशियाचं ४६२५ किलोहर्ट्झवरचं भुणभुणणारं स्टेशन कित्येक वर्षं जगभरचे हौशी ऐकतायत, पण त्यावरच्या निरोपांचा अर्थ कुणाला लागत नाही. रावेरहून निघालेला केळीचा ट्रक रस्त्यावर सगळ्यांना दिसतो. माल कुणाचा नि कुठं चाललाय, हे कागद बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून तर सैन्यं बोलणं सांकेतिक करतात आणि फ्रिक्वेन्सीही सतत बदलत ठेवतात. अमेरिकी सैन्याचा सिंगार्स रेडिओ संच ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला शंभराहून जास्त उड्या मारतो.

पण ग्रुपवर तुम्ही नुसता आकडा टाकणार नाही. तारीख, वेळ, तुमचं गाव, सिग्नल किती जोरात होता, हेही लिहाल. खरी माहिती तीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हॅम लोकांचे ट्रान्समीटर बंद केले आणि त्यांच्यातल्याच काहींना घरी बसून जर्मन सिग्नल ऐकायला लावलं. कानावर पडलेली निरर्थक अक्षरं ते कागदावर उतरवत आणि 'पोस्ट बॉक्स २५, बार्नेट' या पत्त्यावर पाठवत. त्यांना स्वतःला त्यातलं काही कळत नसे. पण अशाच कागदांवरून जर्मन हेरखात्याचं जाळं उलगडलं आणि त्याचे संकेत फुटले. तुमची पोस्ट म्हणजे तसाच एक कागद, फक्त तो कुणाच्या हाती पडेल ते तुम्हाला ठाऊक नाही. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माण्या असलेल्या आपल्या भागात तर हे मी नव्या पोरांना फार कळकळीनं सांगतो.

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांच्या १७ व्या कलमात सर्वांसाठी नसलेल्या अशा संदेशांच्या गुप्ततेची तरतूद आहे. मजकूर तर सोडाच, असा संदेश होता एवढंही परवानगीशिवाय उघड करायचं नाही.

काही खरंच संशयास्पद वाटलं तर वेळ लिहून ठेवा आणि थेट पोलिसांना कळवा. पश्चिम बंगालच्या हॅम मंडळींनी सीमेलगत विचित्र बोलणं ऐकलं तेव्हा सरकारला कळवलं होतं.

आधी परीक्षा देऊन लायसन्स घ्या. मग ७ मेगाहर्ट्झवर देशभर गप्पा मारा. १४५.८०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा आवाज साध्या अँटेनावरही पकडता येतो. तो सापडला की ग्रुपवर खुशाल टाका, आम्ही सगळे ऐकू.